आठव्या हेन्रीच्या दरबारातले थॉमस आणि इंग्लंडच्या इतिहासातले इतर नामबंधू

जुनी_पाने

ट्यूडर काळावरचं, म्हणजे सोळाव्या शतकातल्या इंग्लंडवरचं, कुठलंही पुस्तक उघडा, पहिल्या एक-दोन प्रकरणांतच थॉमसांची रांग लागते. थॉमस वुल्झी, थॉमस मोर, थॉमस क्रॉमवेल, थॉमस क्रॅनमर, थॉमस हॉवर्ड, थॉमस बोलिन, थॉमस ऑडली, थॉमस रायथस्ली, थॉमस सीमोर, वर कवी थॉमस वायट. कोण कुठला हे कळेनासं होतं आणि बरेच जण तिथेच पुस्तक मिटून ठेवतात. मला मात्र वाटतं की एवढे थॉमस एका दरबारात का जमले याचा माग काढला, तर त्या दरबारात जे घडलं तेही बरंचसं उलगडतं. म्हणून हा धागा.

आधी हे बघा. लॉर्ड चॅन्सेलर म्हणजे राजाचा शिक्का सांभाळणारा, राज्यातला सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांपैकी एक. १५१५ मध्ये वुल्झी त्या पदावर आला. १५२९ मध्ये राजाची मर्जी गेली, वुल्झी पडला, मोर आला. १५३२ मध्ये मोरने पद सोडलं तेव्हा शिक्का ऑडलीकडे गेला. १५४४ मध्ये ऑडली वारला आणि रायथस्ली आला, तो १५४७ पर्यंत. थोडक्यात, सलग तीसहून जास्त वर्षं इंग्लंडचा शिक्का कुठल्या ना कुठल्या थॉमसच्याच हातात होता.

याचं मूळ २९ डिसेंबर ११७० या दिवसात आहे. त्या संध्याकाळी कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये शिरून चार सरदारांनी आर्चबिशप थॉमस बेकेटला तलवारींनी मारलं. बेकेट लंडनच्या चीपसाइडमध्ये जन्मलेला, व्यापारी घरातला. दुसऱ्या हेन्रीचा जिवलग आणि त्याचा चॅन्सेलर. पण आर्चबिशप झाल्यावर चर्चच्या हक्कांसाठी तो त्याच राजाच्या आडवा आला. ११७३ मध्ये पोपने त्याला संत ठरवलं, आणि ११७४ मध्ये खुद्द राजाने त्याच्या समाधीशी येऊन प्रायश्चित्त घेतलं. ७ जुलै १२२० रोजी त्याचे अवशेष नव्या, भव्य समाधीत हलवले गेले आणि तो दिवस सण म्हणून पाळला जाऊ लागला. पुढची तीन शतकं लोक कँटरबरीची यात्रा करत राहिले आणि घरोघरी मुलांची नावं थॉमस ठेवत राहिले. बायबलमधला थॉमस आधीपासून होताच, पण इंग्लंडच्या मातीत नाव रुजवलं ते बेकेटने.

आता याचा अर्थ लावून बघा. राजापुढे मान न तुकवलेल्या एका चॅन्सेलरचं नाव घेऊन ही मुलं वाढली, आणि नोकरीला लागली ती आठव्या हेन्रीकडे. पोपशी नातं तोडून स्वतः चर्चचा प्रमुख झालेल्या राजाला बेकेट हा संत परवडणारा नव्हता. १५३८ मध्ये कँटरबरीची समाधी फोडून तिच्यावरचं सोनं-रत्नं राजाच्या खजिन्यात जमा झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात फर्मान निघालं: बेकेटला यापुढे संत म्हणायचं नाही, त्याच्या प्रतिमा काढायच्या, प्रार्थनेच्या पुस्तकांतून त्याचं नाव खोडायचं. तेव्हा राजाचा मुख्य मंत्री होता थॉमस क्रॉमवेल. आणि बेकेटच्या जागी आर्चबिशप म्हणून बसला होता थॉमस क्रॅनमर.

तुमच्या वाचनातले असे नामबंधू येऊ द्या. फक्त थॉमसच हवेत असं नाही.

कोकणकडा

उत्तम विषय. त्या खाडाखोडीबद्दल थोडी भर घालतो. त्या काळची हस्तलिखित प्रार्थनापुस्तकं आजही ग्रंथालयांत आहेत आणि त्यांत बेकेटची पानं शोधून बघण्यासारखी असतात. चामड्याच्या पानावरची शाई कुणी चाकूने इतकी खरवडली आहे की पानच पातळ झालंय. कुणी शाईच्या जाड रेघा ओढल्यात. आणि कुणी एकच बारीक तिरकी रेघ मारून सोडून दिलंय, खालचं अक्षर न् अक्षर वाचता येतं. हुकूम पाळल्याचं दिसलं पाहिजे, पण संताचा मजकूर मात्र जायला नको, असं वाटणारी माणसं गावोगावच्या चर्चमध्ये होती. राजाज्ञा आणि रयत यांच्यातलं अंतर मला त्या एका रेघेत जितकं स्पष्ट दिसतं तितकं जाड ग्रंथांत दिसत नाही.

शब्दवेल

मोरबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. गादीचा वारस ठरवणाऱ्या १५३४ च्या कायद्याची शपथ घ्यायला त्याने नकार दिला आणि तो लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे किल्ल्यातल्या कैदखान्यात, बंद झाला. १ जुलै १५३५ ला खटला, लगेच मृत्युदंड. ५ जुलैला त्याने थोरली मुलगी मार्गारेट हिला शेवटचं पत्र लिहिलं, तेही कोळशाने, कारण लिहायचं साहित्य काढून घेतलं होतं. त्या पत्रात तो म्हणतो की उद्याच्या पलीकडे लांबलं तर मला वाईट वाटेल, कारण उद्या संत थॉमसच्या सणाची पूर्वसंध्या आहे.

वर जुनी_पाने यांनी ७ जुलैची तारीख दिलीच आहे. त्याची पूर्वसंध्या म्हणजे ६ जुलै. मोरचा शिरच्छेद बरोबर त्याच दिवशी झाला. आपण कुणाचं नाव लावतो आणि त्या माणसाचं काय झालं होतं, हे मोरला नीट ठाऊक होतं. पुढे १९३५ मध्ये, मृत्यूला चारशे वर्षं झाल्यावर, रोमने त्यालाही संत ठरवलं. राजाला नकार देऊन जीव गमावलेले दोन चॅन्सेलर, दोघेही लंडनचे, दोघेही थॉमस, दोघेही संत.

हडसनकाठ

न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहालयात मोर आणि क्रॉमवेल समोरासमोर आहेत. दोन्ही चित्रं हान्स होल्बाइनची. दिवाणखान्यातल्या शेकोटीच्या एका बाजूला मोर, दुसऱ्या बाजूला क्रॉमवेल. इकडच्या महाराष्ट्र मंडळातल्या कुणी न्यूयॉर्कला यायचं म्हटलं की मी तिथे घेऊन जाते.

मोरच्या चित्रात लाल मखमलीच्या बाह्या अशा रंगवल्यात की हात फिरवावासा वाटतो. गळ्यात इंग्रजी एस अक्षरांची सोन्याची साखळी, खाली ट्यूडर गुलाब. जवळ गेलं की हनुवटीवरचे एक-दोन दिवसांचे खुंट दिसतात. माणूस थकलेला आहे पण नजर स्वच्छ आहे. क्रॉमवेल काळ्या कपड्यांत, टेबलाशी, मुठीत कागद धरून बसलाय. टेबलावर आणखी कागद, लेखणी, एक किमती बांधणीचं पुस्तक. तो आपल्याकडे बघतच नाही. दोघांच्या चेहऱ्यांवरून मी एकाला सज्जन आणि दुसऱ्याला दुष्ट ठरवणार नाही. मोर चॅन्सेलर असताना प्रोटेस्टंट मताच्या माणसांना जिवंत जाळलं गेलं आणि त्याला ते योग्य वाटत होतं. क्रॉमवेलने मोरची चौकशी चालवली हेही खरं. पण त्या भिंतीपाशी उभं राहिलं की दोघांवरही त्याच राजाची सावली आहे हे कळतं. एक १५३५ मध्ये गेला, दुसरा २८ जुलै १५४० ला. त्याच दिवशी राजाने कॅथरीन हॉवर्डशी लग्न लावलं.

नदीकाठचा_वाचक

प्रश्न आहे. सगळेच बेकेटच्या भक्तीपोटी थॉमस झाले असतील का? मुळात नावंच कमी असतील तर?

जुनी_पाने

दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत. त्या काळच्या इंग्लंडात जॉन, थॉमस, विल्यम, रिचर्ड, रॉबर्ट, हेन्री अशा मोजक्या नावांत बहुतेक पुरुष यायचे. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता आपलंच नाव बाळाला द्यायचा ही रीत सर्रास होती. वडिलांचं नाव मुलाला देणंही नेहमीचं. क्रॅनमरचे वडील थॉमस क्रॅनमरच होते. नॉरफोकच्या हॉवर्ड घराण्यात तर दुसरा ड्यूक थॉमस, तिसरा थॉमस आणि चौथाही थॉमस. म्हणजे प्रत्येक बाळाच्या वेळी कुणी बेकेटची आठवण काढत असेल असं नाही. पण मोजक्या नावांत थॉमस एवढं वर का आलं, याचं उत्तर बेकेटपाशीच जातं.

आणि हे आपण कशावरून सांगतो? १५३८ च्या सप्टेंबरात क्रॉमवेलने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे गावच्या चर्चने, वही ठेवावी आणि तिच्यात दर आठवड्याला बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहावीत. लोकांना वाटलं, नवा कर बसणार. कर बसला नाही, पण वह्या राहिल्या. इंग्लंडातल्या साध्या शेतकऱ्या-विणकऱ्यांची नावं पिढ्यान्पिढ्या सलग मिळतात ती त्या वह्यांमुळे. ज्या वर्षी एका थॉमसचं नाव पुस्तकांतून खोडायला सांगितलं गेलं, त्याच वर्षी दुसऱ्या थॉमसने साऱ्या देशाची नावं लिहून ठेवायला लावली.

कोकणकडा

क्रॉमवेलच्या अटकेचा प्रसंगही याच थॉमसांमधला आहे. १० जून १५४० ला मंत्रिमंडळाच्या बैठकीत त्याला धरलं. फ्रेंच राजदूताने आपल्या पत्रात लिहिलंय की नॉरफोकने, म्हणजे तिसऱ्या ड्यूक थॉमस हॉवर्डने, त्याच्या गळ्यातलं संत जॉर्जचं मानचिन्ह स्वतः ओढून काढलं. जुन्या घराण्यातल्या ड्यूकला पटनीच्या लोहाराचा मुलगा आपल्या वर बसलेला सहन होत नव्हता. वुल्झी तर इप्सविचच्या खाटकाचा मुलगा म्हणून ओळखला जायचा. त्यालाही उतरवण्यात हा ड्यूक पुढे होता.

त्या दिवसांत राजाला पत्र लिहून क्रॉमवेलबद्दल चार शब्द चांगले बोलण्याचं धाडस क्रॅनमरने केलं. पत्र जपून लिहिलेलं आहे, तरी तेवढंही दुसऱ्या कुणी केलं नाही. क्रॅनमरला लोक कचखाऊ म्हणतात ते मला म्हणूनच पटत नाही.

नॉरफोकची पाळी १५४७ मध्ये आली. १९ जानेवारीला त्याच्या मुलाचा, सरेच्या अर्लचा, शिरच्छेद झाला. बापाची वेळ २८ जानेवारीची सकाळ ठरलेली. त्या पहाटे आठवा हेन्रीच मेला आणि शिक्षा थांबली. सहा वर्षं टॉवरमध्ये काढून, हेन्रीची मुलगी मेरी राणी झाल्यावर तो सुटला आणि १५५४ मध्ये अंथरुणावर मेला. अ‍ॅन बोलिन आणि कॅथरीन हॉवर्ड या दोन भाच्या राण्या झाल्या, दोघींची डोकी उडाली, मुलगा गेला, आणि हा उरला.

सायली_पुणे

राण्यांचा विषय निघालाच आहे तर. हेन्रीच्या सहा बायकांत तीन कॅथरीन, दोन अ‍ॅन आणि एकटी जेन. शेवटची, म्हणजे कॅथरीन पार (हे तिचं आडनाव), १५१२ मध्ये जन्मली. तिची आई पहिल्या कॅथरीनच्या, म्हणजे अ‍ॅरागॉनच्या राणीच्या सेवेत होती, आणि बाळाचं नाव राणीवरूनच ठेवलं असं मानलं जातं. एकतीस वर्षांनी, जुलै १५४३ मध्ये, ती मुलगी त्याच राजाची सहावी बायको झाली. राजा गेल्यावर तिने लग्न केलं ते थॉमस सीमोरशी, तिसऱ्या राणीच्या भावाशी!

आणि मेरी. हेन्रीची बहीण मेरी फ्रान्सची राणी झाली, मुलगी मेरी इंग्लंडची. दुसऱ्या बहिणीच्या, म्हणजे मार्गारेटच्या, बाजूची नात म्हणजे स्कॉटलंडची राणी मेरी, जिची आई होती गीझची मेरी. या स्कॉटिश मेरीला १५४८ मध्ये फ्रान्सला पाठवलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. सोबतीला तिच्याच वयाच्या चार मुली दिल्या: मेरी सीटन, मेरी बीटन, मेरी फ्लेमिंग, मेरी लिव्हिंगस्टन. परक्या देशात निघालेल्या पाच लहानग्या मेरी एका जहाजावर. बाकीच्या तिघींची लग्नं झाली. सीटनने लग्न केलं नाही. ती राणीबरोबर इंग्लंडच्या कैदेत वर्षानुवर्षं राहिली, तिचे केस विंचरून बांधायची, आणि तब्येत साथ देईना तेव्हा फ्रान्समधल्या रॅंसच्या मठात गेली. १५८७ मध्ये राणीचा शिरच्छेद झाला तेव्हा ती तिथेच होती. मोठ्या राजकारणाच्या वर्णनात सीटनला फार तर एक ओळ मिळते. मला ती त्या साऱ्या गोष्टीतली सर्वांत निष्ठावान व्यक्ती वाटते.

नदीकाठचा_वाचक

थॉमस क्रॉमवेल आणि ऑलिव्हर क्रॉमवेल यांचं काही नातं?

जुनी_पाने

आहे, पण मुलीच्या बाजूने. थॉमसची बहीण कॅथरीन हिचं लग्न मॉर्गन विल्यम्स नावाच्या वेल्श माणसाशी झालं. त्यांचा मुलगा रिचर्ड मामाच्या हाताखाली वाढला आणि त्याने मामाचंच आडनाव लावलं. आठव्या हेन्रीने मठ बंद करून त्यांच्या जमिनी वाटल्या तेव्हा त्याला भरपूर मिळालं. ऑलिव्हर (१५९९ ते १६५८) हा त्या रिचर्डचा पणतू. घराण्याच्या कागदपत्रांत 'क्रॉमवेल ऊर्फ विल्यम्स' असं लिहिलेलं बऱ्याच पुढेपर्यंत सापडतं. भाच्याने मामाचं नाव उचललं नसतं तर १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सच्या मृत्युदंडाच्या हुकुमावर ऑलिव्हर विल्यम्सची सही असती.

त्याला ऑलिव्हर नाव मिळालं ते काकावरून. काका सर ऑलिव्हर क्रॉमवेल यादवी युद्धात राजाच्या बाजूने होते आणि अखेरपर्यंत पुतण्याच्या विरोधात राहिले.

गिरगावकर

आता आपल्या मुंबईतले नामबंधू घ्या. एल्फिन्स्टन हे नाव आपल्या तोंडात इतकं बसलंय की कॉलेज, स्टेशन, सर्कल सगळं एकाच साहेबाचं वाटतं. तसं नाही.

पहिला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (१७७९ ते १८५९). पुण्यात पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा वकील. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली त्या दिवशी संगमावरची त्याची रेसिडेन्सी मराठ्यांनी जाळली आणि त्याचा ग्रंथसंग्रह त्यात गेला. दुसऱ्या बाजीरावाचं राज्य संपवणारा हाच. आणि १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर असताना शाळा आणि छापील मराठी पुस्तकं यांना पैसा देणाराही हाच. या दोन्ही गोष्टी आपण एकदम लक्षात ठेवल्या पाहिजेत. तो परत निघाला तेव्हा मुंबईकरांनी वर्गणी जमवली आणि त्यातून पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभं राहिलं.

दुसरा जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन, माउंटस्टुअर्टचा पुतण्या. आधी मद्रासचा गव्हर्नर, मग १८५३ ते १८६० मुंबईचा. १८५७ मध्ये मुंबईचा कारभार याच्याकडे होता. एल्फिन्स्टन रोड स्टेशन याच्या नावाचं, २०१८ पासून ते प्रभादेवी आहे. आजचं हॉर्निमन सर्कल म्हणजे जुनं एल्फिन्स्टन सर्कल, तेही याचंच.

तिसरा जनरल विल्यम एल्फिन्स्टन, माउंटस्टुअर्टचा चुलतभाऊ. वॉटर्लूला तेहतिसाव्या पलटणीचा प्रमुख होता. पण काबूलला पाठवला तो म्हातारा आणि संधिवाताने जखडलेला. जानेवारी १८४२ मध्ये त्याने काबूल सोडलं, तेव्हा बरोबर सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बाजारबुणगे होते. बर्फात, खिंडींत जवळजवळ सगळे संपले. १३ जानेवारीला डॉक्टर ब्रायडन एकटा घोड्यावरून जलालाबादला पोचला. मागाहून काही हिंदी शिपाई आणि नोकरही लंगडत-खुरडत आले, पण त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. जनरल एप्रिलमध्ये कैदेत मेला.

खेदाची बाब अशी की अफगाणिस्तानावरचा पहिला मोठा इंग्रजी ग्रंथ १८१५ मध्ये लिहिणारा माउंटस्टुअर्टच होता. त्या देशाची जाण एका एल्फिन्स्टनला, फौज मात्र दुसऱ्याच्या हाती.

शब्दवेल

@गिरगावकर, फार छान. टाउन हॉलमध्ये माउंटस्टुअर्टचा पुतळा आहे, हे मुंबईकरांसाठी जोडते.

चर्चिलही घ्या. विन्स्टन चर्चिल तीन. पहिले सर विन्स्टन (१६२० ते १६८८), राजाच्या बाजूने लढलेले. आईचं माहेरचं आडनाव विन्स्टन होतं, तेच मुलाचं नाव झालं. त्यांचा मुलगा जॉन म्हणजे ब्लेनहाइमची लढाई जिंकणारा मार्लबरोचा ड्यूक. दुसरे आपल्याला माहीत असलेले पंतप्रधान. १८९६ मध्ये पलटणीबरोबर मुंबईला आले तेव्हा ससून डॉकच्या भिंतीशी होडीतून चढताना त्यांचा खांदा निखळला आणि तो आयुष्यभर त्रास देत राहिला. तिसरे अमेरिकन कादंबरीकार, यांच्याहून तीन वर्षांनी मोठे आणि १८९९ मध्ये कितीतरी जास्त प्रसिद्ध. त्या वर्षी इंग्रज विन्स्टननी अमेरिकन विन्स्टनना अतिशय अदबीचं पत्र लिहून कळवलं की घोळ टळावा म्हणून मी पुस्तकांवर विन्स्टन स्पेन्सर चर्चिल अशी सही करीन. शब्द पाळला. त्यांच्या पुस्तकांवर दिसणारा मधला 'एस' त्या पत्रापासूनचा.

कोकणकडा

थोरला आणि धाकटा विल्यम पिट राहिले. बाप १७६६ ते १७६८ पंतप्रधान, मुलगा १७८३ मध्ये वयाच्या २४ व्या वर्षी. १७८४ चा हिंदुस्थानविषयक पिटचा कायदा मुलाचा. घराण्याचा पैसा मात्र थोरल्याच्या आजोबाचा. तो थॉमस पिट (पुन्हा थॉमस!), मद्रासचा गव्हर्नर. गोवळकोंड्याकडच्या खाणीतला एक प्रचंड हिरा त्याने मिळवला आणि १७१७ मध्ये फ्रान्सच्या रीजंटला, म्हणजे राजा लहान असताना कारभार बघणाऱ्याला, विकला. तो आज लूव्रमध्ये आहे.

सायली_पुणे

शेवटचं विचारते. फर्मानानंतर थॉमस नाव मागे पडलं का?

जुनी_पाने

नाही पडलं. १५४२ मध्ये विल्यम सेसिलला मुलगा झाला, त्याचं नाव थॉमस. हा सेसिल म्हणजे पुढे पहिल्या एलिझाबेथचा पक्का प्रोटेस्टंट मंत्री. १५४५ मध्ये थॉमस बॉडली जन्मला. त्याचे वडील प्रोटेस्टंट, इतके की मेरीच्या राज्यात कुटुंबाला जिनिव्हाला पळून जावं लागलं. १५८८ मध्ये थॉमस हॉब्ज. बेकेटची समाधी नव्हती, सण नव्हता, पुस्तकांतलं नाव खोडलेलं होतं, पण तोवर ते आजोबा-काकांचं, शेजाऱ्याचं, धर्मपित्याचं नाव झालं होतं आणि क्रॉमवेलच्याच वह्यांत दर आठवड्याला लिहिलं जात होतं. बॉडलीने ऑक्सफर्डचं मोडकळलेलं ग्रंथालय स्वतःच्या खर्चाने पुन्हा उभं केलं, १६०२ मध्ये ते उघडलं. कोकणकडा यांनी सांगितलेली ती रेघा मारलेली पुस्तकं बघायची असतील तर सुरुवात तिथूनच करा.